साहेब नसलेल्या टीममध्ये गप्प बसून भागत नाही

पत्र : मुलगी २३ वर्षांची, कॉम्प्युटर इंजिनिअर. आठ महिन्यांपासून पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. टीमला मॅनेजर नाही. आठ जण मिळून कामं वाटून घेतात. ती खूश नाही, रविवारी संध्याकाळपासूनच गप्प असते. ‘पहिलं वर्ष तोंड उघडू नकोस, चूक झाली तर गुपचूप निस्तर’, असं मी बजावलंय. बँकेच्या परीक्षेला बसवू की गेटला?
– एक वडील, सांगली

नमस्कार. परीक्षांचं आधी उरकते. बँक अधिकारी भरतीच्या आयबीपीएस पीओ परीक्षेला वयाची अट २० ते ३० वर्षं, एमटेक प्रवेशाच्या गेटला वयाची अटच नाही. घाई नको.

मला काळजी वाटली ती ‘बसवू’ या शब्दाची आणि त्याहून जास्त तुम्ही बजावलंय त्याची. मॅनेजर असेल तिथे गप्प राहणं एकवेळ खपतं, कारण काम कुठवर आलं हे विचारणं त्याचं काम असतं. तिच्या टीममध्ये कुणाचं काम कुठे अडलंय हे ज्याने त्याने सांगितल्याशिवाय कळतच नाही. ती बोलत नाही, म्हणून मदत मिळत नाही. काम रखडतं, मग बाकीचे तिच्याकडे किरकोळ कामं सरकवतात आणि ती आणखी मिटून जाते. स्पष्टच सांगते, तुमच्या सल्ल्याने तिचं नुकसान होतंय.

‘गुपचूप निस्तर’ म्हणण्यामागे ‘चांगल्या टीममध्ये चुका कमी दिसतात’ असा समज असेल, तर तो मुळातच चुकीचा आहे. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषधं देतानाच्या चुका तपासल्या (१९९६), तेव्हा चांगलं नेतृत्व आणि चांगले संबंध असलेल्या विभागांत चुकांची नोंद जास्त निघाली. तिथल्या परिचारिका चूक लपवत नव्हत्या, हे त्यामागचं कारण होतं. १९९९ मध्ये एका कारखान्यातल्या ५१ टीम्सच्या अभ्यासात त्यांनी यालाच मानसिक सुरक्षितता म्हटलं : प्रश्न विचारला, चूक कबूल केली तर आपल्याला कमी लेखणार नाहीत, हा टीमभरचा विश्वास. यात लाड नाहीत. कामाची अपेक्षा तेवढीच कडक राहते.

पण साहेब नाही म्हणजे जाच नाही, असंही नव्हे. संशोधक जेम्स बार्कर यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की अशा टीममधले सहकारीच एकमेकांवर साहेबापेक्षा कडक पहारा ठेवू लागतात. म्हणून आधी टीम पारखायला हवी. मागच्या वेळी ज्याने बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, सांगितला, त्याच्याशी सगळे कसे वागले? सीनियर ‘मला माहीत नाही’ म्हणतात का? पगारवाढ आणि रजा कोण ठरवतं, हे लेखी आहे का? नसेल, तर सगळ्यात मोठ्याने बोलणारा न नेमलेला साहेब होऊन बसतो.

तिने तीन स्प्रिंट (कामाचे ठरावीक टप्पे), म्हणजे साधारण सहा आठवडे, एवढं करावं : अर्ध्या तासापेक्षा जास्त अडली की स्टँडअपची, म्हणजे रोजच्या १५ मिनिटांच्या बैठकीची, वाट न बघता लगेच सांगावं, ‘हे करून पाहिलं, इथे अडलेय, कोण बसेल?’ चूक झाली तर त्याच दिवशी, काय बिघडलं आणि काय दुरुस्त केलं या दोन ओळींत. रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंट संपल्यावरच्या आढावा बैठकीत, निदान एक मुद्दा तिचा असावा. उत्तरादाखल टोमणेच मिळाले, तर कंपनीतच दुसरी टीम मागावी, तीही नाही मिळाली तर नोकरी बदलावी. बँक किंवा गेट हा त्यावरचा उपाय नाही.

हे पत्र तिला वाचायला द्या आणि रविवारी ऑफिसचा विषय काढू नका. पुढचा प्रश्न तिला तिच्याच हाताने लिहू द्या.