वाचकांचे प्रश्न: भूल दिल्यावर साक्षी कुठे जातो?

प्रश्न: पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मला पूर्ण भूल दिली होती. ते २ तास माझ्यासाठी जणू नव्हतेच. वेदान्त म्हणतो की आतून सगळं नुसतं पाहणारं चैतन्य, म्हणजे साक्षी, कधी मावळत नाही. मग तेव्हा ते कुठे होतं?
– वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: गल्लत शब्दापासून सुरू होते. डॉक्टर ज्याला शुद्ध म्हणतात ती अंतःकरणाची, म्हणजे मन-बुद्धीची, अवस्था आहे. हाक ऐकू येणं, कळ जाणवणं, आठवण राहणं हे सगळं तिच्यात मोडतं. भूल ही शुद्ध घालवते आणि वेदान्ताला ते मान्यच आहे. अंतःकरणात उमटलेल्या चैतन्याच्या प्रतिबिंबाला वेदान्ती चिदाभास म्हणतात. अंतःकरण लीन झालं की चिदाभासही उरत नाही. अंबाझरीचं पाणी आटलं तर तलावातला सूर्य दिसेनासा होईल, आकाशातला नाही.

इथे बरेच जण गाढ झोपेचा दाखला देतात. उठल्यावर आपण म्हणतो, 'छान झोप लागली, काहीच कळलं नाही.' अनुभवाशिवाय आठवण होत नाही, म्हणजे त्या 'काहीच नाही'चाही कुणी साक्षी होता. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांना, हे पटत नाही. त्यांच्या मते ही आठवण नसून उठल्यावर केलेलं अनुमान आहे. आक्षेप वजनदार आहे, तो उडवून लावू नये.

शिवाय भूल म्हणजे झोप नव्हे. ब्रह्मसूत्र या वेदान्ताच्या मूळ ग्रंथात मूर्च्छेसाठी स्वतंत्र सूत्र आहे: 'मुग्धेऽर्धसंपत्तिः परिशेषात्' (३.२.१०), म्हणजे मूर्च्छेत अर्धीच लीनता, कारण दुसरा पर्याय उरत नाही. मूर्च्छा ही जागृती नाही, स्वप्न नाही, आणि श्वास व ऊब असल्याने मृत्यूही नाही, हे शंकराचार्य एकेक करून दाखवतात. झोपलेला हाताने हलवल्यावर उठतो, मूर्च्छित मात्र मुद्गराच्या घावानेही उठत नाही, म्हणून ती झोपही नाही. भुलीला सर्वांत जवळचं वर्णन हेच.

त्या २ तासांवरून चैतन्याचं असणं सिद्ध होत नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याचं नसणंही सिद्ध होत नाही. 'तेव्हा मी नव्हतो' ही साक्ष आज तुमचं मन देतंय, आणि मन फार तर स्वतःच्या गैरहजेरीबद्दल बोलू शकतं.

प्रश्न: ३ महिन्यांपासून रोज अर्धा तास 'मी साक्षी आहे' असं घोकतो. गुंगी येते, आणि घरच्यांशी तुटल्यासारखं वाटतं. काय चुकतंय?
– वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी चुकताहेत. गुंगीला जुने वेदान्ताचार्य गौडपादाचार्य लय म्हणतात आणि माण्डूक्यकारिकेत (३.४४) उपायही सांगतात: लय आला तर चित्ताला जागं करा, ते भरकटलं तर शांत करा. जेवल्यावर बसू नका, वेळ १५ मिनिटांवर आणा, डोळे अर्धे उघडे ठेवा. घोकणं मात्र पूर्ण थांबवा. एकच वाक्य घोळवत राहिलं की मन सुस्तावतं.

त्याऐवजी 'दृग्दृश्यविवेक' या ४६ श्लोकांच्या छोट्या ग्रंथातला क्रम धरा. उन्हाळ्यात कूलरची घरघर आयतीच सोबतीला असते. घरघर हे दृश्य, म्हणजे जाणलं जाणारं; कान द्रष्टा, म्हणजे जाणणारा. उजव्या कानाला कमी ऐकू येतंय हेही कळतं, म्हणजे कान दृश्य झाला आणि मन द्रष्टा. मन आता कंटाळलंय हेही कळतं, म्हणजे मनही दृश्य. इथेच थांबा. 'आता हे कोण पाहतंय?' म्हणून आणखी मागे वळून शोधू नका. शोधून जे सापडेल ती मनात उठलेली नवी वृत्तीच असेल, म्हणजे पुन्हा दृश्यच. बहुतेकांची गाडी नेमकी इथे अडते: साक्षीला वस्तू समजून धरायला जातात. एक खूण ध्यानात ठेवा. जो साक्षी दमतो किंवा 'मला जमलं' म्हणून सुखावतो, तो अहंकार.

तुटलेपण हे वैराग्य नव्हे. वैराग्यात फळाची हाव सुटते, आईला औषध आणून देण्याचं काम सुटत नाही. विवेक, वैराग्य, शमदमादी (मन व इंद्रियं आवरणं इत्यादी) सहा गुण आणि मुमुक्षा (मोक्षाची ओढ) हे साधनचतुष्टय, म्हणजे साधकाची चार अंगांची तयारी, मुरण्याआधी साक्षीभाव ओढून आणला, की माणूस नकोशा भावनांपासून पळायला तो वापरतो. काही महिने बसणं कमी करून घरची कामं अपेक्षा न ठेवता करा. उदासी, झोप उडणं, अन्नावरची वासना जाणं असं २ आठवडे टिकलं तर आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: ज्ञान झाल्यावर शरीराची दुखणी संपतात का?
– वाचक, महाल, नागपूर

उत्तर: नाही. ज्ञानाने संचित (आधी साठलेलं) कर्म जळतं, आगामी (पुढे घडणारं) चिकटत नाही, पण ज्यातून हे शरीर आलं ते प्रारब्ध भोगूनच संपतं. शंकराचार्यांचा दाखला कुंभाराच्या चाकाचा आहे (ब्रह्मसूत्रभाष्य ४.१.१५): एकदा गती मिळालेलं चाक तो वेग ओसरेपर्यंत फिरतच राहतं. ज्ञान्याचा गुडघाही दुखतो. फक्त 'हे दुखणं म्हणजे मी' ही समजूत तिथे उरलेली नसते.