‘मम्मी, तू मीटिंगला येऊ नको’

पारडीहून एका ताईंनी लिहिलंय. रामदासपेठेतल्या एका फ्लॅट स्कीममध्ये त्या तीन घरी स्वयंपाक करतात, नवरा ई-रिक्षा चालवतो. मुलगी आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांतून खाजगी इंग्रजी शाळेत लागली, आता सहावीत आहे. वर्गातली एक मुलगी नेमकी त्याच स्कीममध्ये राहते. सहलीच्या दिवशी लेकीने पोटदुखीचं निमित्त केलं. आता म्हणते, ‘पॅरेंट्स मीटिंगला तू येऊ नको, बाबाला पाठव, तेही रिक्षा न घेता.’ नवरा म्हणतो, काढा तिथून, मनपाच्या शाळेत घाला. ताई विचारतात, ‘तुझ्यासाठीच लोकांच्या पोळ्या लाटते म्हणून रोज सांगते, तरी पोटची पोर माझी लाज धरून राहिली. माझं काय चुकलं?’

ताई, तुमची पोर वर्गाला घाबरते आहे. आई काय करते हे कळल्यावर डब्याच्या सुट्टीत कोण काय बोलेल, याचा अंदाज तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला आहे. राग येणं साहजिक आहे, पण ते पोळ्यांचं वाक्य आता थांबवा. खरं असलं तरी लेकराच्या डोक्यावर ते कर्ज होऊन बसतं.

पोटदुखीचंच घ्या ना. सहलीचे पैसे मागायचा कागद आला तेव्हा महिन्याची कोणती तारीख होती, आठवून बघा. फी माफ असली तरी सहल, प्रोजेक्टचे चार्ट, कलर प्रिंट, गॅदरिंगचा ड्रेस हे सुटत नाही. हातात पैसा नाही हे पोरीला न विचारताच कळतं आणि मग ती मागतच नाही. ‘खोटं का बोललीस’ असं नका विचारू, ‘किती पैसे होते गं सहलीचे’ विचारा. आणि यंदा काय जमेल, काय नाही, ते तिला आकड्यांत सांगा. आकडा माहीत नसला की मुलं सगळ्यालाच नाही म्हणून मोकळी होतात.

मीटिंगला जा. मात्र आधी एक दिवस क्लासटीचरना एकट्यात भेटा. होमवर्क व्हॉट्सॲपवर येत असेल आणि घरातला फोन रात्रीपर्यंत बाबाच्या खिशात असेल, तर ते मॅडमना कोण सांगणार? डायरीत लिहून द्या म्हणा. मीटिंगचं लेकीला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, तुमच्याजवळ उभं राहायचं की नाही ते तिचं तिला ठरवू द्या.

वर्गात कुणी ‘आरटीईवाले’ म्हणून वेगळं काढतं का, तेही हळूच विचारा. ती जागा तिला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मिळाली आहे. फीची भरपाई शाळेला सरकार देतं. (ती वेळेवर येत नाही अशी शाळांची ओरड असते. असेलही, पण तो राग पोरीवर का?) मुलांचा मानसिक छळ त्याच कायद्याने मना आहे. तसं काही असेल तर मुख्याध्यापकांना लेखी द्या, नाही ऐकलं तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे जा.

राहिलं शाळा बदलायचं. मनपाच्या शाळेला मी नाव ठेवत नाही, पण रागाच्या भरात वर्षाच्या मध्येच पोरीला हलवू नका. खरा प्रश्न पुढे आहे. आरटीईची मोफत सोय आठवीपर्यंतच. नववीची फी किती, ते ऑफिसात आत्ताच विचारा. झेपणारी नसेल तर सातवी संपताना मनपाच्या किंवा अनुदानित शाळेचा विचार करा. तिथे आठवीत एनएमएमएस या सरकारी शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. विनाअनुदानित खाजगी शाळेतल्या मुलांना ती देता येत नाही. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं, त्याचा दाखला त्या वर्षी उन्हाळ्यातच काढा. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर सेतूत पाय ठेवायला जागा नसते.