प्रवेश फी एकदाच भरली, असे तो म्हणत होता

“मॅडम, पोरगं म्हणतंय हा जुगार नव्हे, डोक्याचा खेळ आहे. आम्ही त्याला काय उत्तर द्यायचं?” गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळणाऱ्या मुलांच्या इतक्या आईवडिलांनी माझ्यासमोर ठेवला आहे की, त्यांपैकी एका घराचा अनुभव सविस्तर लिहावा असे वाटले. त्या कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२०२५ च्या जूनमध्ये कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचे छोटे वर्कशॉप चालवणारे एक गृहस्थ पत्नीला घेऊन राजारामपुरीतील माझ्या समुपदेशन केंद्रावर आले. त्यांचा मुलगा सत्तावीस वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला होता. दर रविवारी रात्री नऊ वाजता तो माळ्यावरच्या खोलीत जाई आणि पहाटेपर्यंत मोबाइलवर पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या टूर्नामेंट खेळत बसे. घरच्यांना हे माहीत होते. त्यात पैसा किती जातो, हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. आईने भिशीसाठी कपाटात ठेवलेले ४० हजार रुपये नाहीसे झाले, तेव्हा प्रथमच विषय निघाला आणि निघाला तो भांडणानेच. वडील म्हणत जुगार, मुलगा म्हणे कौशल्य, आणि तीन आठवडे घर याच एका शब्दावर अडून बसले होते.

मुलगा पहिल्या भेटीला आला तोच वादाच्या तयारीने. त्याचे म्हणणे असे होते, की टूर्नामेंट ही तीनपत्तीच्या अड्ड्यासारखी नसते. प्रवेश फी आधीच ठरलेली असते, सर्वांना सारखेच चिप्स, म्हणजे डावात लावायच्या सोंगट्या, मिळतात आणि ते संपले की खेळाडू बाहेर पडतो, त्यामुळे फार तर अकराशे रुपये जातील, त्यापेक्षा एक रुपयाही जास्त नाही. त्याने ख्रिस मनीमेकर या अमेरिकन अकाउंटंटचेही उदाहरण दिले. ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून थोडक्या पैशांत प्रवेश मिळवून या माणसाने २००३ ची वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली आणि २५ लाख डॉलर मिळवले. हे उदाहरण खरे आहे. त्या स्पर्धेत ८३९ खेळाडू उतरले होते, हेही तितकेच खरे आहे, पण त्या दिवशी मी ते बोलले नाही.

मी एवढेच म्हणाले, “पोकरमध्ये कौशल्य लागतं, हे मला मान्य आहे.” वडिलांनी खुर्ची थोडी मागे सरकवली, आपण चुकीच्या दारात आलो की काय, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. परंतु कौशल्य लागते हे खोटे नाही, आणि जे खोटे नाही ते नाकारून तरुण माणसाशी संवाद होत नाही, असा माझा अनुभव आहे. शिवाय ज्या गोष्टीने घर पोखरले होते, तिचा या वादाशी फारसा संबंधच नव्हता.

त्यानंतर मी त्याला दोन प्रश्न विचारले. लावायची रक्कम वाढवत न्यावी, अशी ओढ कधी वाटली का? आणि किती खेळतो याविषयी जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले का? जुगाराची तक्रार घेऊन येणाऱ्यांसाठी हे दोन प्रश्न आमच्या क्षेत्रात सर्वत्र वापरले जातात. पहिल्या प्रश्नावर तो बराच वेळ बोलला. दुसऱ्या प्रश्नावर त्याने हातातला मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि गप्प राहिला.

पुढच्या भेटीत तो बँकेचे अकरा महिन्यांचे स्टेटमेंट छापून घेऊन आला. ते मी मागितले होते आणि तो आणेल अशी मला खात्री नव्हती. तेवीस पाने होती. वडिलांनी चष्मा लावला, खिशातले लाल पेन काढले आणि जॉबवर्कची वही तपासावी तसे ते एकेका ओळीवरून जाऊ लागले. मार्चमधल्या एका रविवारी त्यांना रात्री साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान अकराशे रुपये चार वेळा गेलेले दिसले.

“ही चार टूर्नामेंट का?”

“नाही आण्णा, एकच. री-एंट्री केली होती.”

घरातल्या कोणालाही हा शब्द माहीत नव्हता, म्हणून त्याच्याकडूनच तो समजून घेतला. टूर्नामेंट सुरू झाल्यावर पहिले दोनेक तास प्रवेश खुला असतो आणि त्या काळात बाहेर पडलेला खेळाडू पुन्हा पैसे भरून पुन्हा पहिल्याइतके चिप्स घेऊ शकतो. हरल्याबरोबर पडद्यावर चौकट येते, तिच्यात ‘पुन्हा प्रवेश’ असे बटण असते आणि शेजारी काही सेकंदांचा काटा उलटा पळत असतो. हे सांगताना त्याचा उजवा अंगठा टेबलाच्या काचेवर एकाच जागी दोनदा आपोआप दाबला गेला. तो कोणत्या क्षणी दाबला जातो, तेही त्यानेच सांगितले. हातात एक्क्यांची जोडी आहे, समोरच्याकडे बादशहाची जोडी आहे, सगळे चिप्स मध्ये गेले आहेत आणि टेबलावर सर्वांसाठी उघडल्या जाणाऱ्या शेवटच्या पानाला तिसरा बादशहा उतरतो. अशा डावात एक्के शंभरातून साधारण ऐंशी वेळा जिंकतात. उरलेल्या वीस वेळांपैकी एक वेळ आज आपल्या वाट्याला आली, हे बुद्धीला पटते, पण मनाला ती लूट वाटते आणि ती वसूल करण्यासाठी अंगठा आधी पोहोचतो. खेळाडू या अवस्थेला ‘टिल्ट’ म्हणतात. ज्या कौशल्याचा तो अभिमान बाळगत होता, ते नेमके त्याच मिनिटाला हजर नसे.

वडील बराच वेळ त्या चार ओळींकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “एक रॉड बिघडला म्हणून दुसरा लावला, तर गिऱ्हाईक एकाच जॉबचं बिल देतंय. पण माल दोन रॉडचा गेलेला असतोय. आम्ही दोन्ही लिहितोय.” माझ्या पंचवीस मिनिटांच्या बोलण्याने झाले नसते, ते या वाक्याने झाले. मुलाने स्वतः पेन घेतले आणि पुढच्या पानांवर तो स्वतःच खुणा करू लागला.

बेरीज झाली. अकरा महिन्यांत ४ लाख १८ हजार रुपये ॲपमध्ये गेले होते आणि १ लाख ३६ हजार परत आले होते. परत आलेल्या रकमेत जानेवारीतील तिसऱ्या क्रमांकाचे ६२ हजारांचे बक्षीस होते. घरात सर्वांना ठाऊक असलेला आकडा तेवढा एकच, कारण त्यातून आईला कानातली केली होती. टूर्नामेंटची रचनाच अशी असते की उतरलेल्यांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के लोकांनाच काही मिळते आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या काही क्रमांकांकडे जातो. प्रत्येक अकराशेतले शंभर रुपये बक्षिसाच्या रकमेत न जाता चालवणाऱ्याकडे राहत होते आणि भरलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी होता, तो वेगळाच. म्हणजे चांगला खेळाडूही बहुतेक रात्री रिकाम्या हाताने उठतो, आणि आपण खरोखर चांगले आहोत की जानेवारीत नशीब चांगले होते, हे त्याला शेकडो टूर्नामेंट खेळल्याशिवाय कळत नाही. तोवर लागणारे पैसे याच्याकडे नव्हतेच. ते दोन मित्रांकडून आणि तीन लोन ॲपवरून आले होते.

या टप्प्यावर आईवडिलांची पहिली इच्छा असते ती कर्ज एकरकमी फेडून विषय मिटवण्याची. या आईने तर पाटल्या मोडायची तयारी दाखवली होती. मी कळकळीने विनंती करून त्यांना थांबवले. गुपचूप फेडलेले कर्ज हे मुलाच्या मनात कर्ज राहत नाही, ती पुढची प्रवेश फी होते. आम्ही सर्व देण्यांची यादी केली, लोन ॲपची देणी आधी घेतली, पगारातून हप्ते ठरवले, यूपीआयची दैनंदिन मर्यादा खाली आणली आणि खात्याचे संदेश वडिलांच्या फोनवरही येतील अशी व्यवस्था मुलाच्या संमतीने केली. त्याची झोप पूर्ण उडाली होती, म्हणून आत्महत्येचे विचार येतात का, हे मी त्याला सरळ विचारले. “दोनदा आले होते,” असे तो म्हणाला. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले आणि टेलिमानसचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक आईच्या व त्याच्या फोनमध्ये माझ्यासमोर साठवायला लावला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात जुगाराचा विकार व्यसनांच्या विकारांबरोबर ठेवलेला आहे. तो लाजेने नव्हे, उपचाराने बरा होतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. मुलाचे पोकरचे ॲप बंद झाले. आईने देवीला नारळ दिला. वडिलांनी मात्र घाबरून विचारले, की आता पोलीस मुलाला नेतील का? या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना, खेळणाऱ्याला नाही, हे मी त्यांना समजावले, कारण या भीतीपोटी कितीतरी घरे मदत मागायलाच बाहेर पडत नाहीत. ॲप बंद झाले म्हणून ओढही गेली, असे समजू नका, हेही त्याच दिवशी सांगितले.

ऑक्टोबरमध्ये एका मित्राने परदेशी साइटची लिंक पाठवली. रविवारी रात्री मुलाने तिथे सहा हजार रुपये घालवले. खात्याचा संदेश वडिलांच्या फोनवर आलाच असता, पण त्याने मित्राच्या खात्यातून पैसे भरले होते. म्हणजे लपवायचे ठरवले असते, तर ते सहज लपले असते. सोमवारी सकाळी वडील वर्कशॉपचे शटर उघडत असताना तो तिथे गेला आणि म्हणाला, “आण्णा, काल तीन री-एंट्री झाल्या.” वडिलांनी त्याला आत नेले, चहा सांगितला आणि त्याच्या देण्यांची वही पुढे सरकवली. त्याने रक्कम लिहिली. वडिलांनी खाली तारीख घातली.

आता दोघे महिन्यातून एकदा माझ्याकडे येतात. वही बरोबर असते. १ लाख ४० हजार अजून फिटायचे आहेत.