ऑपेरा गायिकेने जुनी अमेरिकन गाणी गायली, पण टाळ्याच पडल्या नाहीत. लोकांना आवडलं नाही का?

तुम्ही लिहिलंय की ऑपेरात गाणाऱ्या एका गायिकेने कार्यक्रमाच्या शेवटी 'स्पिरिच्युअल्स', म्हणजे गुलामगिरीच्या काळात अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी रचलेली भक्तिगीतं, गायली आणि एका गाण्यानंतर सभागृह नुसतं गप्प बसून राहिलं. मला वाटतं, लोकांना ते गाणं फार आतपर्यंत पोचलं होतं.

आधी साधं कारण सांगते. पाश्चात्त्य गायनाच्या अशा कार्यक्रमात गाणी तीन-चारच्या गटाने घेतात आणि गट संपेपर्यंत टाळ्या राखून ठेवण्याचा रिवाज आहे. आपल्याला समेवर 'क्या बात है' म्हणायची सवय, म्हणून दोन गाण्यांमधली शांतता खटकते. पण स्पिरिच्युअल्सच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. या गाण्यांना श्रोत्यांनी दिलेला प्रतिसाद पहिल्यापासूनच वेगळा आहे.

ही गाणी रंगमंचावर आली तीच मुळी श्रोत्यांमुळे. १८७१ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या, काळ्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या फिस्क विद्यापीठाची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांचा एक संच गाऊन पैसे उभे करायला निघाला. त्यातले बहुतेक गुलामगिरीतच जन्मलेले. सुरुवातीला ते मुख्यतः गोऱ्या श्रोत्यांच्या पसंतीची गाणी गात. आईवडिलांची भजनं परक्यांपुढे मांडायला त्यांचं मन धजत नव्हतं, कारण ती उपासनेतली गाणी होती. ओहायोतल्या ओबर्लिनला धर्मोपदेशकांच्या एका परिषदेत त्यांनी 'स्टील अवे' म्हटलं आणि गप्पा मारत बसलेली मंडळी चूप झाली. पुढे हीच गाणी त्यांच्या कार्यक्रमाचा गाभा बनली. १८७३ मध्ये त्यांनी ती राणी व्हिक्टोरियापुढेही गायली.

एकट्या गायकाने पियानोच्या साथीने ती गाण्याची पद्धत रुजली १९१७ च्या सुमारास, काळे संगीतकार हॅरी बर्ले यांनी 'डीप रिव्हर' या स्पिरिच्युअलची स्वरलिपी छापल्यानंतर. गायक रोलंड हेज हे त्या वाटेवरचे मोठे नाव. जॉर्जियातल्या, पूर्वी गुलाम असलेल्या आईवडिलांचा हा मुलगा १९२० च्या दशकात बर्लिनला गायला गेला. कापसाच्या शेतातली गाणी आमच्या सभागृहात कशाला, अशी ओरड आधीच सुरू झाली होती. ते रंगमंचावर आले आणि हिस्स हिस्स असा आवाज सुरू झाला. हेज पियानोजवळ नुसते उभे राहिले. गोंधळ ओसरला तेव्हा त्यांनी शूबर्ट या ऑस्ट्रियन संगीतकाराचं एक अगदी हळुवार गाणं उचललं, तेही जर्मनमधून. त्यानंतर सभागृह त्यांचं झालं. मला या प्रसंगाचा आजही राग येतो. स्वतःची गाणी गाण्याआधी त्यांना त्या लोकांच्या गाण्यात उत्तीर्ण व्हावं लागलं.

तुम्ही अनुभवलात त्याच्याशी सर्वांत जवळचा प्रसंग मॅरियन अँडरसन या काळ्या अमेरिकन गायिकेचा आहे. १९३५ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला एका हॉटेलात दुपारी त्यांचं गाणं झालं. समोर टोस्कानिनी आणि ब्रूनो वॉल्टर हे नामवंत वाद्यवृंद-संचालक, शहराचे आर्चबिशप. शेवटच्या गटात त्यांनी 'क्रूसिफिक्शन' घेतलं. येशूला खिळे ठोकले आणि त्याने ब्र काढला नाही, एवढंच ते गाणं. तीच ओळ पुन्हा पुन्हा. अँडरसन डोळे मिटून, जवळजवळ न हलता गात. तिथे हजर असलेले पत्रकार व्हिन्सेंट शीअन यांनी लिहून ठेवलंय की गाणं संपल्यावर एकही टाळी पडली नाही आणि श्वास घ्यायचीसुद्धा भीती वाटत होती. असा आवाज शंभर वर्षांतून एकदाच ऐकू येतो, हे टोस्कानिनींचे प्रसिद्ध उद्गार त्याच दुपारचे.

नंतरचा प्रसंग याच्या अगदी विरुद्ध. वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलच्या मालक असलेल्या महिला संघटनेने अँडरसन काळ्या म्हणून त्यांना हॉल नाकारला, तेव्हा ९ एप्रिल १९३९ रोजी, ईस्टरच्या दिवशी, त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायल्या. समोर सुमारे ७५,००० माणसं, गोरी आणि काळी एकत्र. कार्यक्रम संपताच गर्दी पुढे लोटली. चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांना ध्वनिक्षेपकावर यावं लागलं. व्हाइट यांच्या आठवणीत एक सडपातळ काळी मुलगी राहून गेली. ईस्टरसाठी भडक रंगाचे कपडे घातलेली, कोवळ्या वयात कष्टाने राठ झालेले हात उंचावून अँडरसनना शिवायला धडपडणारी, गालांवरून पाणी वाहतंय. त्या मुलीच्या प्रतिसादापुढे टोस्कानिनींची दादही मला थोडी लांबूनची वाटते.

सगळेच भारावले होते असंही नाही. लोकसंस्कृतीच्या अभ्यासक झोरा नील हर्स्टन यांनी १९३४ मध्ये स्पष्ट लिहिलं की सभागृहात ऐकवली जातात ती खरी स्पिरिच्युअल्सच नव्हेत. खरी गाणी चर्चमध्ये घडतात, सगळ्यांनी मिळून, दर वेळी निराळी. दिंडीत चालता चालता म्हटलेला अभंग आणि मैफलीतला अभंग दोन्ही ऐकलेल्या माणसाला त्यांचं म्हणणं लगेच पटेल. मलाही बरंचसं पटतं. पण अँडरसन ती गाणी शूबर्टच्या शेजारी, त्याच तयारीने आणि त्याच गांभीर्याने ठेवत होत्या. ज्या देशात काळ्या श्रोत्यांना सभागृहात वेगळं बसवत, तिथे हे फार मोठं होतं. काळ्या रसिकांना सभागृहाच्या प्रत्येक भागात जागा मिळावी असा त्या आग्रह धरत, आणि १९५० नंतर तर वेगळं बसवणाऱ्या ठिकाणी गायलाच नकार देत.

आपल्याकडेही अँडरसन येऊन गेल्या आहेत. १९५७ च्या आशिया दौऱ्यात दिल्लीला गांधीजींच्या स्मारकापाशी त्यांनी 'लीड, काइंडली लाइट' म्हटलं. ते गाणं अमेरिकन नाही, इंग्लंडमधलं आहे, पण गांधीजींच्या आवडीचं म्हणून त्यांनी ते निवडलं. दौऱ्यावरचा माहितीपट त्याच डिसेंबरात अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. मिळाला तर जरूर पाहा. लिंकन स्मारकावरच्या गाण्याचं चित्रणही सहज सापडतं.

पुढच्या वेळी कधी टाळी वाजवायची हे कळत नसेल, तर गायिकेकडे आणि पियानोवादकाच्या हातांकडे बघा. हात पट्ट्यांवरून उतरून मांडीवर आले आणि गायिकेने अंग सैल सोडलं की खुशाल वाजवा. वन्समोअर मागायलाही हरकत नाही. १९३० च्या दशकात रशियात अँडरसन गायल्या तेव्हा श्रोते पुढे येऊन व्यासपीठावर मुठी आपटत 'डीप रिव्हर! डीप रिव्हर!' अशी मागणी करत होते.