प्रार्थना छतालाच अडते तेव्हा

“प्रार्थनेला बसते, पण ती छताच्या वर जातच नाही,” हे वाक्य गेल्या अठरा वर्षांत नागपूरच्या सदर भागातील माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत मी इतक्यांदा ऐकले आहे की, समोरच्या व्यक्तीने पहिले दोन शब्द उच्चारले तरी पुढचे मला कळतात. कधी ते महाविद्यालयातला मुलगा म्हणतो, कधी रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणतात, आणि एकदा तर एका चर्चच्या पाळकसाहेबांनी दार नीट लागले आहे ना, हे दोनदा पाहून मग ते म्हटले होते. त्यामागून येणारा प्रश्नही ठरलेला असतो: “माझ्या विश्वासातच काही खोट आहे का?”

या प्रश्नाला माझ्याकडे जे उत्तर आहे, ते मी एका ताईंकडून शिकले. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून आणि आठ महिन्यांच्या भेटींतले मोजकेच संवाद निवडून ते येथे मांडत आहे.

ताई पन्नाशीच्या, व्यवसायाने परिचारिका आणि चर्चच्या मंडळीतील महिला सभेच्या प्रमुख होत्या. कोणाच्याही घरी प्रार्थनासभा असली की शेवटची प्रार्थना त्यांनीच करावी, असा सर्वांचा आग्रह असे. घरी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या आणि यजमान फिरतीच्या नोकरीवर होते. “चारचौघांत माझी प्रार्थना ऐकून बायका डोळे पुसतात,” त्या म्हणाल्या, “आणि एकटी असले की मला काहीही वाटत नाही. मी ढोंगी आहे, मॅडम.”

विश्वासाविषयी काही बोलण्याआधी मी त्यांना झोपेविषयी विचारले.

“पहाटे साडेचारला उठते. शांत समयासाठी.”

“आणि झोपता केव्हा?”

“बारा वाजतातच. मधे दोनदा उठून सासूबाईंची कूस बदलावी लागते.”

“मग पहाटे प्रार्थनेत काय होते?”

त्या ओशाळल्या. “डुलकी लागते. गेथशेमाने बागेतल्या शिष्यांसारखी.”

त्यांना येशूच्या अटकेच्या रात्री त्या बागेत झोपी गेलेले शिष्य आठवले, मला मात्र बायबलमधलाच एलिया आठवला. पहिल्या राजे पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात हा थकलेला संदेष्टा रानातल्या झुडपाखाली बसून ‘आता माझा प्राण घे’ असे म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेशाचा एक शब्दही ऐकवत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाचा तो मंद, शांत स्वर एलियाला ऐकू येतो तो त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. आध्यात्मिक कोरडेपणाची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जण खरे तर भाकर आणि झोप यांच्याच टप्प्यावर असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून मी ताईंना तीन आठवडे पहाटे उठायचे नाही, असे सांगितले. त्या नाराज झाल्या. “मी प्रार्थना वाढवायला आले आणि तुम्ही ती कमी करायला सांगता!” पण त्यांनी ऐकले. चिडचिड उणावली, चेहऱ्यावर थोडी तकाकी आली. कोरडेपणा मात्र जिथल्या तिथे राहिला, आणि एवढ्यावर भागेल असे मला वाटले होते, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

पुढच्या भेटीत, संकोच वाटत नसेल तर इथेच प्रार्थना करून दाखवाल का, असे मी विचारले. त्यांनी डोळे मिटले. “हे सर्वसमर्थ, कृपाळू व दयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी अयोग्य लेकरे नम्रपणे तुझ्या चरणांशी येतो...” चार-पाच मिनिटे ती प्रार्थना नदीसारखी वाहत राहिली. तिच्यात देशाचे पुढारी होते, रुग्ण होते, बिशपसाहेब होते. आरंभापासून शेवटपर्यंत ‘आम्ही’ होते. ‘मी’ एकदाही आली नाही.

‘आमेन’ म्हणून त्या डोळे उघडतात तोच त्यांचा फोन वाजला. घरी सासूबाईंजवळ बसलेल्या मुलीला त्या भराभर सांगू लागल्या, “अवं माय, पाणी एकदम नोको देऊ! तिले आधी उठवून बसव, अन् चमच्या-चमच्यानं दे, नाईतं ठसका लागते. आलीच मी.” फोन ठेवला तेव्हा समोर जणू दुसरीच बाई बसली होती, आवाज खोल होता आणि हात बोलण्याबरोबर हलत होते.

मी विचारले, “ताई, आत्ता बोललात ती भाषा कोणाची?”

“आईची,” त्या हसल्या. “गावाकडची. घरात सगळे तसेच बोलायचो.”

“आणि मघाची?”

“ती बाबांची. बाबा शाळामास्तर होते ना! ‘मले पाणी पाह्यजे’ म्हटले की ते ऐकू न आल्यासारखे करायचे. ‘मला पाणी हवे आहे’ असे शुद्ध म्हणेपर्यंत पाणी मिळायचे नाही.” हे सांगताना त्या हसत होत्या, आणि हसता हसताच थांबल्या. कूलरचा आवाज तेवढा राहिला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “म्हणजे मॅडम, मी देवालाही...”

ते वाक्य त्यांनी पुरे केले नाही, आणि मीही केले नाही. या व्यवसायात मी काही कमावले असेल, तर दुसऱ्याचे अर्धे राहिलेले वाक्य अर्धेच राहू देण्याची सवय कमावली आहे.

देवाला आपण ‘पिता’ म्हणतो तेव्हा त्या शब्दात आपल्या घरातला बाप नकळत शिरतो, ही माझी जुनी धारणा आहे. मात्र तो भाषेच्या वाटेनेही शिरतो, हे मला त्या दिवशी प्रथम दिसले. ताईंचा देव शुद्ध बोलल्याशिवाय पाणी न देणारा होता. ख्रिस्ताने मात्र गेथशेमानेत, अत्यंत व्याकूळ होऊन, जो शब्द उच्चारला तो मार्काने आपल्या शुभवर्तमानात ख्रिस्ताच्या अरामी बोलीतल्या मूळ रूपातच राखून ठेवला आहे: ‘अब्बा’. घरात बापाला मारायची ती हाक होती. आपल्याकडेही ही जाण जुनीच आहे. कवी नारायण वामन टिळकांना बायबलमधील नवा करार मिळाला तो 1893 साली, नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपीय प्रवाशाकडून. पण 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी ख्रिस्ताला आळवले ते अभंग आणि ओवीत. पंडिता रमाबाईंनी बायबलचे भाषांतर करताना साध्या बायकांना कळेल अशा मराठीचा ध्यास घेतला. ताईंच्या आईला हे सांगावे लागले नसते.

मी ताईंना एवढेच सुचवले की रात्री सासूबाईंची कूस बदलताना, डोळे उघडे ठेवून, आईच्या भाषेत जे येईल ते बोलावे. पंधरा दिवसांनी त्या आल्या त्या घाबरूनच. “मॅडम, माझ्याकडून पाप झाले. मी म्हटले, ‘बापा, दमली मी, गंज दमली. तुले दिसते का नाई? अन् दिसते तं बोलत काहून नाई?’”

मी कपाटातून बायबल काढून तेरावे स्तोत्र त्यांच्यापुढे ठेवले. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ हाच प्रश्न दाविदाने चार वेळा विचारला आहे. मग अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचले, जे अंधारातच संपते आणि शेवटी समाधानाची एक ओळसुद्धा देत नाही. बायबलमधील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश विलापाची आहेत. पूर्वजांनी ही गाऱ्हाणी उपासनेच्या पुस्तकात जपली, आपण मात्र ती गिळून ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणत राहतो.

“उत्तर मिळाले का?” मी विचारले.

“नाही,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “पण त्या रात्री मी आमेन म्हणायचे विसरले.”

हा अनुभव मी इतरांना सांगते तेव्हा काही जण लगेच छापील प्रार्थना सोडायला निघतात. तसे करू नये. 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा पुस्तकातून प्रार्थना वाचणारे अँग्लिकन आणि उत्स्फूर्त प्रार्थना करणारे बाप्टिस्ट एकाच छताखाली आले. जेव्हा स्वतःचे शब्द आटतात, तेव्हा प्रभूची प्रार्थना किंवा एखादे स्तोत्र वाचणे ही लबाडी नव्हे. दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालणे ते. कोरड्या काळात आधी केलेले चांगले निर्णय बदलू नयेत, असे ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात सांगितले, आणि उपासनेला जाणे बंद करण्याच्या बेतात असलेल्या प्रत्येकाला मी ते सांगते. मदर तेरेसा यांची 2007 मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे दाखवतात की, त्यांनी कित्येक दशके असाच अंधार अनुभवला आणि तरी सेवा सोडली नाही. वाढ झाली की नाही, हे प्रार्थनेत काय वाटते यावरून मोजू नये. बायबलमधील गलतीकरांस पत्रात पवित्र आत्म्याचे फळ म्हणून सहनशीलता, ममता, सौम्यता यांची नावे येतात आणि ती तुमच्या घरच्यांना तुमच्याआधी दिसतात. ताईंच्या सासूबाईंना स्पष्ट बोलता येत नव्हते, पण कूस बदलताना त्या सुनेचा हात धरून ठेवू लागल्या, हे ताईंनी मला जाता जाता, महत्त्वाचे नसल्यासारखे सांगितले.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. कोरडेपणाबरोबर झोप आणि भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणे नको वाटत असेल, तर ‘विश्वास कमी पडतो’ म्हणणाऱ्यांचे ऐकत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा निदान शासनाच्या टेलि-मानस सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करा. एलियाला आधी भाकर मिळाली होती.

ताईंचा अलीकडे फोन आला होता. महिला सभेत नेहमीप्रमाणे शेवटची प्रार्थना त्यांच्याकडे आली आणि चार वाक्यांत त्या थांबल्या. सभा संपल्यावर मंडळीतल्या सर्वांत वयस्कर आत्याबाई काठी टेकत त्यांच्याजवळ आल्या आणि काळजीने विचारू लागल्या, “काहून वं, तब्येत बरी नाई काय?”