राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती, दोन्ही पदं एकाच वेळी रिकामी झाली तर?

मग सरन्यायाधीश राष्ट्रपतींचं काम पाहतात. असं एकदाच झालंय, तेही आपल्या नागपूरच्या माणसाच्या वाट्याला आलं. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन पदावर असतानाच गेले. हंगामी राष्ट्रपती झालेल्या उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरींनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची म्हणून जुलैत राजीनामा दिला. तेव्हा मॉरिस कॉलेजात शिकलेले, सिव्हिल लाइन्सच्या हायकोर्टात मुख्य न्यायाधीश राहिलेले सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपती भवनात बसले. बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर ९ ऑगस्टला मंजुरीची सही त्यांचीच! (पुढे त्याच कायद्याचा खटला सुप्रीम कोर्टात चालला, तेव्हा ते खंडपीठावर नव्हते.)

हंगामी राष्ट्रपतींनाही अधिकार पूर्ण असतात. अर्थात वागायचं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच. राष्ट्रपतिपद रिकामं झालं की सहा महिन्यांत निवडणूक घ्यावीच लागते.