एक रील जोरात चालली. नोकरी सोडून पूर्णवेळ कॉमेडी व्हिडिओ करावेत का?

तुम्ही डोंबिवलीहून अंधेरीला नोकरीला जाता, ऑफिसमधल्या जेवणाच्या सुट्टीवर केलेली तुमची एक रील लाखो लोकांनी पाहिली, आणि आता राजीनामा देऊन हेच करावं का, यात पैसे किती आणि हे टिकतं किती, असं तुम्ही विचारलंय. मी मुंबईत मराठी विनोदी व्हिडिओ लिहिते, त्यांत काम करते आणि स्टेजवरही उभी राहते. घर याच कामावर चालतं. त्यामुळे सरळ सांगते: यात करिअर होतं, पण राजीनामा इतक्यात देऊ नका.

रील चालली याचा अर्थ तो विषय लोकांना आपला वाटला, एवढाच. पुढच्या आठवड्यात तुम्ही काय लिहिणार आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात काय, हे त्यातून कळत नाही. आणि हे काम मुळात लिहिण्याचं आहे. कॅमेरा, लाइट, एडिटिंग शिकता येतं, नाहीतर ते करणारी माणसं मिळतात. दर आठवड्याला नवा प्रसंग आणि त्यातल्या माणसांच्या तोंडी त्यांचीच भाषा मात्र स्वतःच बसून लिहावी लागते. आधी पुढचे आठ-दहा विषय वहीत उतरवा. त्यातले निम्मे तरी पूर्ण संवादांसकट लिहून काढा. तिसऱ्या-चौथ्याला गाडी अडली तर घाबरू नका, सगळ्यांचीच अडते. तिथून पुढे लिहायला बसता का, हे मात्र नोकरी असतानाच तपासून घ्या.

उदाहरण देते. लोकलच्या लेडीज डब्यातल्या सीटवर आम्ही एक स्केच, म्हणजे छोटा विनोदी प्रसंग, केलं होतं. बसलेल्या बाईला उभी असलेली विचारते, "कुठे उतरणार?" मुंबईच्या बाईला पुढचं सांगावं लागत नाही. बसलेली उतरली की सीट विचारणारीची, ती तिथेच बुक झाली. दादरच्या प्रयोगात या दोन शब्दांवरच हशा पडायचा, उत्तर यायच्या आत. कोल्हापुरात तोच प्रसंग केला तेव्हा त्या ओळीला शांतता. दुसरी बाई तेच विचारते, मग तिसरी विचारते, आणि बसलेली वैतागून "मी उतरतच नाही" म्हणते, तेव्हा कुठे हॉल हसला. व्हिडिओसाठी आम्ही मग सुरुवातीला एकच शॉट वाढवला: उभ्या बायकांची नजर, सगळ्यांची एकाच सीटवर. एकही शब्द न वाढवता नागपूरच्या माणसालाही कळलं. ही दुरुस्ती फोनवरचे आकडे बघून सुचली नसती. आकड्यांवरून माणूस कुठे सोडून गेला ते दिसतं. तो का सोडून गेला, ते समोर बसलेल्या माणसांकडूनच कळतं.

म्हणून माझा आग्रह स्टेजचा आहे. माझ्या ओळखीतले जे मराठी कलाकार या कामात टिकलेत, ते बहुतेक एकांकिका स्पर्धांतून आलेले आहेत. रात्री कॉलेजच्या हॉलमध्ये तालमी करून त्यांना एक ओळ वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणायची सवय लागलेली असते. तुमचं कॉलेज संपलंय, तर ओपन माइक गाठा, म्हणजे नवख्यांनाही स्टेजवर थोडा वेळ देणारे कार्यक्रम. अंधेरी, खार, ठाणे या बाजूला होतात, बहुधा पाच मिनिटं मिळतात. मराठीतले कमी असतात, पण हिंदीतल्या ओपन माइकवर आधी विचारून मराठी करता येतं. पुढे स्वतःचा तिकीट लावून नाट्यगृहात प्रयोग करायची वेळ आली, तर महाराष्ट्रात संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, हे लक्षात असू द्या.

टिकण्याबद्दल. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी भाडिपा हे मराठी यूट्यूब चॅनल सुरू झालं आणि त्यावरचा अमेय वाघ-निपुण धर्माधिकारी यांचा 'कास्टिंग काऊच' हा विनोदी कार्यक्रम मराठी तरुणांनी उचलून धरला. मराठीत असंही होतं, हे तेव्हा आमच्यासारख्या पुष्कळांना पहिल्यांदा दिसलं. जून २०२० च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली. ज्यांनी सगळं तिथेच उभं केलं होतं, त्यांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. गावोगावची किती गुणी माणसं त्यात मागे पडली, हे आठवलं की आजही वाईट वाटतं. पाठोपाठ इन्स्टाग्रामवर रील्स आणि यूट्यूबवर शॉर्ट्स आले, पण ते प्रेक्षक सगळ्यांना परत मिळाले नाहीत. ॲप आपल्या मालकीचं नसतं. लिहिलेली स्क्रिप्ट, सोबत काम करणारी माणसं आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक या तीन गोष्टी मात्र ॲप बंद झालं तरी राहतात. ठाण्याची प्राजक्ता कोळी रेडिओत काम करून २०१५ मध्ये यूट्यूबवर आली, मग वेब सीरिज केली, २०२२ मध्ये हिंदी सिनेमात दिसली. तिचं नाव सगळे घेतात, त्यामागची वर्षं मोजत नाहीत.

आता पैसे. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर लागतात आणि त्याबरोबर बारा महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम (लोकांनी व्हिडिओ बघण्यात घालवलेला एकूण वेळ) किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चॅनलला मिळतो. शॉर्ट्सचं गणित वेगळं आहे, तिथे आपल्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के. यावर मुंबईत घरभाडं सुटेल असं सुरुवातीला धरू नका. इन्स्टाग्रामवर तर नुसत्या व्ह्यूजच्या पैशांवर विसंबूच नका.

घर चालतं ते ब्रँडच्या कामावर आणि प्रयोगांवर. ब्रँडचं काम कमी दर्जाचं असतं असं मी मानत नाही. साबणाची जाहिरातही नीट लिहिता येते. मी वस्तू शेवटी चिकटवत नाही, ती स्केचमधल्या भांडणाच्या मुळाशीच ठेवते, म्हणजे कापायला गेलं तर स्केचच उरत नाही आणि एजन्सीकडून बदलही कमी येतात. पण कागद पक्का हवा. काम सुरू करण्याआधी निम्मी रक्कम, बदल किती वेळा करणार, आणि व्हिडिओ त्यांच्या जाहिरातीत किती महिने वापरणार, हे ईमेलवर लिहून घ्या. एका एजन्सीने माझे पैसे सणासुदीच्या मोहिमेनंतर कित्येक महिने अडकवले होते. तेव्हापासून उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक मी प्रत्येक बिलावर टाकते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल तर कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते. पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओवर तसं स्पष्ट लिहावं लागतं, २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेची तशी नियमावली आहे. आणि अशा व्हिडिओला ट्रेंडिंग गाणं लावू नका. ब्रँडच्या कामाला त्या गाण्याचा परवाना वेगळा लागतो.

स्क्रिप्टबद्दल एक. दुसऱ्याच्या चॅनलसाठी लिहीत असाल तर हक्क कोणाकडे राहणार आणि नाव कुठे येणार, हे आधी ठरवा. अंधेरीतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद झालात तर स्क्रिप्ट ऑनलाइन नोंदवता येते. 'हे आधी मी लिहिलं होतं' असं म्हणायची वेळ आली तर ती नोंद कामी येते.

हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण तुमच्या रीलमध्ये मालवणी बोलणारा शिपाई आहे आणि सगळा हशा त्याच्या बोलण्यावर आहे. मालवणी, वऱ्हाडी, आगरी या भाषा आपण हेल काढून स्वस्तात विकत आलोय. जाड माणूस, सावळी मुलगी यांच्यावर जसं हसवतात, तसंच गावाकडच्या बोलीवर. व्ह्यूज येतात, खोटं नाही. पण त्या शिपायाला त्याचं स्वतःचं म्हणणं द्या, साहेबाला तो शब्दात पकडतोय असं दाखवा, आणि भूमिका मालवणी घरातल्या मुलाला द्या. विनोद दुप्पट चढेल आणि सावंतवाडीचा माणूस ती रील आपल्या आईला पाठवेल. मला या कामात याहून मोठं काही वाटत नाही.

राजीनाम्याचं म्हणाल तर ब्रँड आणि प्रयोग यांतून भाडं, हप्ता आणि घरचा खर्च वर्षभर सलग निघाला आणि सहा महिन्यांचे पैसे बाजूला पडले की द्या. तोपर्यंत शनिवार-रविवार शूटिंग करा. आणि आज घरी गेल्यावर नेमणूकपत्र काढून बाहेरच्या कामाबद्दलचं कलम वाचा, कारण तुमच्या रीलमध्ये मागच्या भिंतीवर कंपनीचा लोगो आणि गळ्यात आयकार्ड दोन्ही दिसतंय. पुढचा भाग ऑफिसात शूट करू नका. मित्राच्या घरातलं जेवणाचं टेबल आणि चार डबे एवढ्यावर कँटीन उभं राहतं.